बारा रेच्यांची नोंद

यवतमाळ
गुरुवार, ४ सप्टेंबर २०२५

अर्पिता,

कापसातून सरकी काढणाऱ्या आपल्या बारा रेच्यांपैकी चार नंबरवर रबरी रोलरची जोडी काल सलग साडेचार तास चालली. जळका वास आला नाही. रुई पिवळी पडली नाही. फिटर देवसिंगने खात्री केली. आधी त्याने रोलरला हात लावून पाहिला, मग मी पाहिला, मग माझ्यावर विश्वास नसल्यासारखा पुन्हा त्याने पाहिला.

पत्राची सुरुवात अशी केली म्हणून रागावू नकोस. वीस महिन्यांत तू माझा एकही फोन उचलला नाहीस. आईशी बोलतेस आणि मी खोलीत आलो की फोन ठेवतेस, हेही मला माहीत आहे. त्यामुळे लिहायला बसलो. आणि मला लिहायची एकच रीत येते, पाळीच्या वहीची. आधी आत्ताची स्थिती, ती कोणी तपासली त्याचं नाव, मग काय घडलं ते, आणि शेवटी पुढच्या पाळीने काय अपेक्षा ठेवावी. तीस वर्षं हेच लिहीत आलो. कागदाचा फोटो काढून तुला पाठवतो आहे. वाचलंस की निळ्या खुणा दिसतील. तेवढं पुरे.

हंगामाला अजून महिना-दीड महिना आहे. जिनिंगमध्ये सध्या फक्त दुरुस्ती चालू आहे. मागच्या हंगामातला शेवटच्या वेचणीचा थोडा कापूस कोपऱ्यात पडून होता, तोच टाकला. रोलर तू आणलेलेच. डिसेंबर २०२३ च्या चाचणीतले बाराही जोड मी मोडीत काढले असं तुला सांगितलं होतं. काढले नव्हते. सरकीच्या पोत्यांमागे, ताडपत्रीखाली ठेवले होते. काहून ठेवले, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

आता सेटिंग थोडं बदललं आहे. त्याचं सविस्तर नंतर लिहितो.

आईच्या हातांना सध्या बरं आहे. हंगाम बंद आहे ना. भेगा मिटल्या आहेत, भाकरी थापताना हात आखडत नाही. चामड्याच्या रोलरचा भुसा माझ्या कपड्यांत येतो, त्या भुशात क्रोमियम असतं, आणि दर नोव्हेंबर ते मार्च ते कपडे धुऊन आईचे हात फाटतात, असं तू म्हणाली होतीस. मी हसलो होतो. देशोदेशीचे लोक एकत्र येऊन चामडं काढून रबर बसवायला निघाले, त्यात आपला देश यंत्रं आणि शिकवणारी माणसं देणार, हे सगळं मला कबूल होतं. पण त्या सगळ्यात माझ्या घरची धुण्याची बादलीही येते, हे तेव्हा डोक्यात शिरलं नाही.

तुमची आढावा बैठक २५ तारखेला तिकडे, समुद्रापलीकडे म्वान्झात आहे, हे तुझ्याकडच्या फिटरने, बराकाने सांगितलं. रबरी रोलर पुढच्या तीन देशांत न्यायचे की इथेच थांबवायचे, ते त्या दिवशी ठरणार. थांबवले तर तुझं कामही थांबणार, हे त्याने सांगितलं नाही. मी समजलो.

पुढे अपेक्षित: उद्या एक आणि दोन नंबरवर रबरी जोड चढवतो. काय होतं ते कळवतो.

बाबा

*

यवतमाळ
मंगळवार, ९ सप्टेंबर २०२५

अर्पिता,

बराकाच्या हातातला कागद कोरा आहे. मी व्हिडिओ थांबवून पाहिला, देवसिंगने चष्मा लावून पाहिला. दोघांचंही एकमत.

आता सेटिंगचं सांगतो. मागच्या पत्रात टाळलं होतं.

बराका मला अधूनमधून व्हिडिओ पाठवतो, हे तुला माहीत नसेल. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिकडचे सहा फिटर इथे तीन आठवडे शिकायला होते, तेव्हापासून तो मला ‘म्झे’ म्हणतो. म्हणजे वडीलधारा. तीन आठवड्यांत तो आपली भाषाही उचलून गेला. मागच्या आठवड्यातल्या व्हिडिओची सुरुवातच, “काहून म्झे, बरं हाय ना?” अशी. मग रेचा दाखवला. रोलर आणि त्याला टेकलेली सुरी यांच्यात कागदाची पट्टी घालून ओढून दाखवली आणि म्हणाला, म्झे, तुम्ही दिलेलं अजून जपून वापरतो, पण ते पटकन सुटतं, म्हणून आम्ही सुरी आणखी दाबतो. मग दोन तासांनी वास येतो. असं काहून होते?

त्याच्या हातात मी निरोपाला दिलेलं एसटीचं तिकीट होतं. सहाही जणांना पंचवीस-पंचवीस दिली होती, रबरबँडात बांधून, आठवतं? तू म्हणाली होतीस, बाबा, त्यांना मापाची पट्टी द्या. मी म्हणालो, ही मापाचीच पट्टी आहे.

आमच्याकडचा फिटर सुरीचा दाब तिकिटाने पाहतो, हे तू लहानपणापासून पाहिलं आहेस. तिकीट मध्ये घालायचं, ओढायचं. फाटलं तर दाब जास्त. सहज आलं तर कमी. थोडं अडून, कुरकुरून आलं की बरोबर. माझ्या गुरूने मला असंच शिकवलं, मी देवसिंगला, आणि आपण सहा माणसं समुद्रापलीकडे पाठवली तीही असंच शिकून.

पण ते तिकीट कोणतं? छापखान्यात छापलेलं, खरबरीत कागदाचं, कंडक्टर चिमट्याने भोक पाडून द्यायचा ते. आपण दर रविवारी बोरी अरबला आजीकडे जायचो. उतरताना तू आपली तिकिटं मुठीत धरून आणायचीस. मग सीटखाली वाकून लोकांनी टाकलेलीही गोळा करायचीस. कंडक्टर म्हणायचा, “पोरीले कागदाचा कारखाना काढाचा हाय का?” बिस्किटांचा मोठा डबा भरला होता तू. त्यातला अर्धा मी देवसिंगला दिला. माझा अर्धा पंधरा वर्षं पुरला.

२०२३ च्या दिवाळीनंतर माझा डबा संपला. मी काही विचार केला नाही. तिकीट ते तिकीट. कंडक्टरच्या मशीनमधून निघणारी नवी तिकिटं वापरायला लागलो. बराकाला आणि बाकीच्या पाच जणांना दिली तीही तीच.

ती गुळगुळीत असतात, अर्पिता. दाब पुरेसा असला तरी घसरून येतात. मग हाताला वाटतं दाब कमी आहे, आणि हात सुरी आवळतो. त्यांच्यावरची अक्षरंही काही महिन्यांत उडून जातात. बराकाच्या हातात पांढरा कागद होता, त्यावर ‘यवतमाळ’ही उरलं नव्हतं. तो कोरा कागद पाहिला आणि माझ्या खिशातलं तिकीट बोटांत घासून पाहिलं. मग देवसिंगकडे एक जुनं तिकीट मागितलं आणि चार नंबरची सुरी पुन्हा बसवली. पहिल्या पत्रात ‘सेटिंग थोडं बदललं’ लिहिलं, ते हे.

देवसिंगचं तुला माहीत आहे. तो एकच चहापत्ती दोनदा उकळतो. एक तिकीट महिनाभर पुरवतो. त्याच्या डब्यात अजून चाळीसेक जुनी शिल्लक आहेत. मी एक मागितलं, तर म्हणाला, “वापस देजा भाऊ.”

बराकाला त्याच दिवशी निरोप दिला की मी सांगेपर्यंत सुरी सैल ठेव आणि दर तासाला रोलर पाहा. एक आणि दोन नंबरवरही जुन्या तिकिटाने दाब बसवला आहे. दोन्ही थंड आहेत.

पुढे अपेक्षित: नागपूरच्या प्रयोगशाळेतल्या मैत्रेयी मॅडमना फोन केला. त्या शुक्रवारी तापमापक आणि ओढ मोजायचा काटा घेऊन येतील. तिकीट सगळ्या जगाला पुरवता येणार नाही, आकडा पुरवता येईल, असं त्या म्हणाल्या.

बाबा

*

यवतमाळ
शनिवार, १३ सप्टेंबर २०२५

अर्पिता,

आकडा मिळाला. साडेसातशे ग्रॅम. मैत्रेयी मॅडमनी काल संध्याकाळी निश्चित केला, त्यांच्या सहीचा कागद या पत्राच्या मागे जोडला आहे. वहीचा साधा, न गुळगुळीत कागद, दोन बोटं रुंदीची पट्टी, काट्याच्या हुकात अडकवून सरळ ओढायची. सातशे ते आठशे ग्रॅमला सुटली पाहिजे. रबरी रोलर सहा तासांत अठ्ठावन्न अंशांवर थांबला. हेच मी मशीनच्या तिकिटाने बसवलं तेव्हा काटा बाराशेच्या पुढे गेला आणि दोन तासांत रोलर नव्वदवर. मॅडमनीच रेचा बंद करायला लावला. शेजारी कापसाचा ढीग होता.

हा आकडा आधी तुमच्या लोकांना कळव. बाकीचं नंतर वाचलंस तरी चालेल.

आकडा कसा काढला, ते सांगतो. मॅडम म्हणाल्या, भगवानराव, तुम्ही काटा बघू नका, फक्त जुनं तिकीट ओढा आणि बरोबर वाटलं की सांगा. मी पाठ फिरवल्यासारखी मान वळवली आणि वीस वेळा ओढलं. सतरा वेळा सातशे चाळीस ते सातशे साठच्या आत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि दोनदा विचारलं, काटा दिसत तर नाही ना. तुला सांगायला हरकत नाही, त्या क्षणी मला फार हलकं वाटलं. हात खोटा नव्हता.

पण वही खोटी होती. आता ते लिहितो.

डिसेंबर २०२३ च्या चाचणीत एक ते सहा रेचे माझ्याकडे होते, सात ते बारा देवसिंगकडे. माझ्या सहांवर वास आला. त्याच्या सहांवर आला नाही. तो जुनी तिकिटं वापरत होता, हे तेव्हा त्यालाही कारण म्हणून माहीत नव्हतं. तो फक्त माझ्याजवळ येऊन म्हणाला, “भाऊ, माह्या रेच्यावर तर वास नाही येऊन राह्यला. तुमची सुरी पाहू का एकदा?”

मी म्हटलं, तुझ्या बाजूला खिडकी आहे, हवा लागते.

मग तू आलीस आणि तेच म्हणालीस. सेटिंग तपासू या. सगळे फिटर उभे होते, मॅनेजर मधुसूदन साहेब होते, प्रयोगशाळेचे दोघे होते. त्यांच्यासमोर मी काय बोललो ते तुझ्या लक्षात आहे. मी पुन्हा लिहितो, म्हणजे ते माझ्या अक्षरात राहील. “अठ्ठावीस वर्सांत माह्या सेटिंगले बोट लावनारा पैदा नाही झाला. पुस्तक वाचून रेचा नाही चालत.” आणि त्यानंतर, तू गेल्यावर, वहीत लिहिलं: बाराही रेच्यांवर रोलर तापले, रोलर निकामी. खाली सही. मग देवसिंगच्या सहाही रेच्यांवरचे रोलर उतरवायला लावले, त्यांचं तापमान कोणी मोजायच्या आत. त्याने पाना घेतला आणि उतरवले.

बारा नव्हते. सहा होते. हे वीस महिने मला माहीत होतं. तिकिटाचं आत्ता कळलं, पण सहा आणि बारा यांतला फरक त्याच दिवशी माहीत होता. माझ्या नोंदीवरून कार्यक्रमाच्या अहवालात भारताच्या रकान्यात ‘चाचणी अयशस्वी’ असं गेलं. तू तरीही तिकडे गेलीस आणि तो रोलर चालवून दाखवायला निघालीस. मागे तुझ्या बापाचा कागद, पुढे तुझ्या बापाने दिलेली तिकिटं. तुला कुठूनच वाट ठेवली नव्हती मी.

बाबुलाल तुला आठवणार नाही, तू दोन-तीन वर्षांची होतीस. रात्रपाळीचा फिटर. पट्ट्याची जाळी ढिली झाली होती, त्याने वहीत लिहिलं नाही, वाटलं सकाळी कोणी पाहील. सकाळच्या पाळीत एकाचं बोट गेलं. मी बाबुलालला सगळ्यांसमोर म्हणालो, वहीत खोटं लिहिणाऱ्याने माझ्यासमोर उभं राहू नये. तो दुसऱ्या दिवसापासून आला नाही. हे दोन दिवस मला सारखा त्याचा चेहरा दिसतो. त्याने तरी फक्त लिहायचं टाळलं होतं.

आज सकाळी मधुसूदन साहेबांकडे गेलो. सांगितलं की डिसेंबरची नोंद चूक होती असं लेखी द्यायचं आहे, माझ्या नावाने, २५ तारखेच्या आत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नाही. म्हणाले, “भगवानराव, हे आपल्या जिनिंगपुरतं असतं तर मी अडवलं नसतं. पण त्या कागदावर तुमचं नाव नाही, भारत लिहिलेलं आहे. आपण तिथे शिकवणारा देश म्हणून बसलो आहोत. शिकवणाऱ्यानेच चुकीचं शिकवलं, असं आपणच लिहून द्यायचं?”

मी म्हटलं, “साहेब, थे रोलर आत्ता बी चालून राह्यले तिकडं. आपल्याच तिकिटावर. कापसाच्या ढिगाजवळ.”

त्यांनी काचेखालच्या कॅलेंडरवर २५ तारखेवर बोट ठेवलं. मग म्हणाले, सोमवारी या.

मी मार्चमध्ये निवृत्त होतो. भिंतीवर त्या कार्यक्रमाचं प्रमाणपत्र आहे, ‘भारताकडून तज्ज्ञ प्रशिक्षक’. आई रोज त्याच्यावरची धूळ पुसते. तिला काल सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, “इतके दिवस पोटात ठेवलं, मनून झोप नव्हती तुमाले. लिवा आता. पोरीले आधी लिवा, साहेबाले मंग.”

म्हणून आधी तुला.

पुढे अपेक्षित: सोमवारी साहेब काय म्हणतील ते सांगता येत नाही. ते नाही म्हणाले तर माझा कागद मी माझ्या नावाने पाठवणार. तो येईल, हे धरून चाल.

बाबा

*

यवतमाळ
मंगळवार, १६ सप्टेंबर २०२५

अर्पिता,

निवेदन काल दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी मेलने गेलं. पोचल्याचं उत्तर आज सकाळी कार्यक्रमाच्या दिल्लीतल्या कार्यालयातून आलं, मधुसूदन साहेबांनी मला वाचून दाखवलं.

खाली माझी सही आहे आणि साहेबांचीही. मला वाटलं नव्हतं. सोमवारी गेलो तर मी शनिवारी ठेवून आलेला मसुदा त्यांनी आधीच वाचला होता. दोन ठिकाणी माझी वाक्यं लांब होती, ती तोडली. ‘नजरचुकीने’ असा एक शब्द मी घातला होता, तो त्यांनी खोडला. म्हणाले, नजरचूक तिकिटाची होती, नोंदीची नव्हती, दोन्ही वेगळं लिहा. मग सही केली. मी कागद उचलला तर म्हणाले, “शिक्काही मारा. अर्धवट कशाला?”

आणखी एक ओळ मी घातली, तिला त्यांनी हात लावला नाही. सात ते बारा नंबरच्या रेच्यांवर रबरी रोलर डिसेंबर २०२३ मध्येच व्यवस्थित चालले होते आणि ते बसवणारा फिटर देवसिंग राठोड, अशी. देवसिंगला वाचून दाखवलं. त्याने विचारलं, “हे विंग्रजीत जाईन का?” जाईल म्हटलं. तर म्हणाला, “मंग नाव नीट लिवाले सांगा. मांगच्या वक्ती राशनच्या कारडावर देवसिंगची देवकी केलती.”

मागच्या पत्राच्या निळ्या खुणा शनिवारीच दिसल्या. उत्तराची मी वाट पाहत नाही. म्हणजे, पाहतो. पण त्यासाठी लिहिलं नव्हतं.

बराकाचा निरोप आला. त्याला तुझ्याकडून आकडा पोचला होता. काटा कुठून आणावा ही अडचण होती. मग त्यानेच सरोवराच्या धक्क्यावरच्या मासळीबाजारातून मासे तोलायचा हुकाचा काटा आणला. व्हिडिओत तो कागदाची पट्टी ओढतो आणि मागे कोणीतरी हसून विचारतं, रेच्याचा मासा केवढा भरला. बराका सांगतो, साडेसातशे.

पुढे अपेक्षित: तुमच्याकडच्या सहा रेच्यांचे आकडे. ते मला कोण कळवणार, माहीत नाही. बराका कळवेल बहुतेक.

बाबा

*

यवतमाळ
शुक्रवार, २६ सप्टेंबर २०२५

अर्पिता,

तुझा निरोप काल संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी मिळाला. आईने वाचून खात्री केली, कारण मला चष्मा सापडत नव्हता. तो कपाळावर होता.

“सहाही रेचे आठ दिवस साठ अंशांच्या खाली. कार्यक्रम चालू राहणार. आईचे हात कसे आहेत?”

तीनच वाक्यं. आधी स्थिती, मग निर्णय, मग प्रश्न. वहीत याहून चांगली नोंद मी पाहिलेली नाही.

आई खुर्चीवर बसली आणि एकदम म्हणाली, चहा करते. चहा करायला उठली आणि पुन्हा बसली. मग मीच केला. साखर दोनदा टाकली गेली. आम्ही दोघांनी तो तसाच प्यायला.

प्रश्नाचं उत्तर: हात बरे आहेत. या हंगामाला बाराही रेच्यांवर रबरी जोड राहणार, साहेबांनी मंगळवारी परवानगी दिली. चामड्याचे रोलर उतरवले. माझे कामाचे कपडे आता जिनिंगमध्येच वेगळ्या बादलीत भिजतात आणि मीच धुतो. देवसिंगने येता-जाता पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्याचीही बादली माझ्याशेजारी दिसू लागली आहे. मार्चअखेर आईचे हात पाहू. तेव्हाच नक्की बोलता येईल, आधी नाही.

फोन आज सकाळी तू केलास. त्यावर काय बोललो ते इथे लिहीत नाही. तू म्हणालीस, “बाबा, तुमचा आवाज बसला आहे का?” मी म्हणालो, नाही. एवढं मला पुरलं. आता फोन आहे तर पत्र कशाला, असं आई म्हणते. पण पाळी संपवायची तर नोंद पूर्ण करावी लागते.

एक गोष्ट फोनवर सांगायची राहिली. बैठकीत तुमच्या वरिष्ठांनी विचारलं म्हणालीस, की भारताच्या बाजूने चूक आली तर भारतालाच पुढे कसं ठेवायचं, आणि तू उत्तर दिलंस की चूक सापडली तीही भारताच्याच बाजूने, आणि आकड्यासकट. मला ते बरं वाटलं. पण सगळं खरं नाही ते. ती सापडायला बराकाचा कोरा कागद लागला. तो त्याने दाखवला नसता तर मी आजही खिडकीच्या हवेवर बोट ठेवून बसलो असतो. अहवालात त्याचं नाव घाल.

पुढे अपेक्षित: पुढच्या तीन देशांचे फिटर ऑक्टोबरमध्ये इथे शिकायला येणार, त्यांच्याबरोबर बराका आणि तू, असं तू म्हणालीस. प्रशिक्षक म्हणून नाव कोणाचं द्यायचं ते मी साहेबांशी बोलून ठरवतो.

बाबा

*

यवतमाळ
शुक्रवार, ३ ऑक्टोबर २०२५

अर्पिता,

काल दसऱ्याला हंगामाचा पहिला कापूस रेच्यावर पडला. पूजा झाली, नारळ फुटला, आणि बाराही रेचे तीन तास चालले. सर्वांत जास्त तापमान बावन्न. मैत्रेयी मॅडमनी नागपूरहून तापमापक इथेच ठेवायला दिला आहे. आकडे देवसिंगने घेतले, मी वहीत उतरवले.

वहीत डिसेंबर २०२३ चं ते पान आहे. फाडायचं नाही, हे ठरलंच होतं. समोरच्या कोऱ्या जागेत आजच्या तारखेने लिहिलं: शेजारची नोंद चूक आहे, बारा नव्हे, सहा, कारण फिटरचं सेटिंग. खाली सही. नवीन माणसांना वही दाखवायची तर ते पानही दाखवायचं.

प्रशिक्षक म्हणून देवसिंगचं नाव दिलं आहे. आधी नको म्हणाला, मले बोलाले जमत नाही म्हणे. मी म्हणालो, बोलायचं कमी आणि काटा जास्त आहे आता. तर विचार करून म्हणाला, “मंग तुम्ही बाजूले उभे राहा भाऊ. मी चुकलो तर बोला.” मी राहीन. मला विचारलं तर बोलेन.

त्याच्या डब्यातली उरलेली चाळीस तिकिटं त्याने मला परत केली. ती गोळा मी नव्हे, तू केली होतीस, म्हणून तुझ्याकडे देतो. आई म्हणते, तिले काय कामाची. असू दे. आता ती कोणालाच कामाची नाहीत, ही चांगली गोष्ट आहे.

बराकाने विचारलं आहे की यवतमाळात त्याला पुन्हा तेच वांग्याचं भरीत मिळेल का. आईने वांगी सांगून ठेवली.

पुढे अपेक्षित: रविवारी दुपारी दोन वाजता नागपूरची एसटी. उतरणार तू आणि बराका, बाकीचे फिटर मागाहून. स्टँडवर मी आणि आई. कंडक्टरने दिलेलं तिकीट या वेळी मुठीत धरून आणू नकोस. गाडीतच टाकून दे.

बाबा